अदंतधावन मुनींचं, आळस आपला



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीही झाली. एकमेकींची क्षमा मागून झाली आणि लगेच मी हे लिहायला बसले आहे. काही जणींना ते लागेल, म्हणून त्यांची आधीच पुन्हा एकदा क्षमा मागते. पण लिहिणार आहे.

पर्वाच्या शेवटच्या दिवशी मंदिरात व्रत करणाऱ्यांचा सत्कार होता. माझ्याच वयाच्या एका बाईंनी दहाही दिवस एकाशन केलं होतं. सत्कारानंतर आम्ही चार-पाच जणी त्यांच्याभोवती जमलो. त्या म्हणाल्या, "एकाशन तर केलंच, पण दहा दिवस दाताला ब्रशसुद्धा लावला नाही. अदंतधावन पाळलं." सगळ्यांनी हात जोडले. "धन्य आहात हो काकू," असं एका सुनेनं म्हटलं. ती सून पुढच्या वर्षी तेच करणार, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मीही तेव्हा मान हलवली. घरी आल्यावर मात्र स्वतःचाच राग आला. या बाईंच्या हिरड्यांतून गेली दोन वर्षं रक्त येतंय, हे त्यांनीच मला सांगितलेलं आहे. तरी मी गप्प बसले.

म्हणून आज बोलते. गृहस्थाश्रमातल्या बाईनं दहा दिवस दात न घासणं हे तप नाही, ती हेळसांड आहे. तिला व्रताचं नाव दिल्यानं ती व्रत होत नाही.

मुनींच्या 28 मूलगुणांत अदंतधावन आहे, हे लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलो. पण बाकीचे 27 आठवा. केशलोच आहे, अस्नान आहे, जमिनीवर झोपणं आहे, उभ्यानं आहार घेणं आहे, दिवसातून एकदाच घेणं आहे. मुनी महाराज ओंजळीत जे येईल ते एकदाच घेतात, तेही अंतराय आला तर तिथंच सोडतात. चौक्यात आहार देणाऱ्या तुम्ही बघितलंच असेल, आहार संपताना ते पाण्यानं तोंड स्वच्छ करून घेतात. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत चहा नाही, बिस्कीट नाही, सुपारीचं खांड नाही. शरीराच्या शोभेची ओढ सुटावी म्हणून तो मूलगुण आहे. आपण 28 मधून 27 बाजूला ठेवतो, कारण ते झेपत नाहीत. एक उचलतो, कारण त्यात काहीच करावं लागत नाही. याला मुनींचं अनुकरण म्हणायला मला तरी लाज वाटते.

कुणी म्हणेल, श्रावकालाही उपवासाच्या दिवशी नियम आहेत. आहेत ना. आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार घरात असेल तर उघडा. उपवासाच्या दिवशी काय सोडावं, त्याची यादी तिथं आहे. पाच पापं, अलंकार, आरंभ, सुगंध, फुलं, स्नान, अंजन, नस्य. त्या यादीत दात घासण्याचं नाव नाही. स्नानाचं मात्र आहे! तरी उपवासाच्या दिवशी आंघोळ केल्याशिवाय आपण मंदिराची पायरी चढत नाही. मग जे यादीत आहे ते आपण करतो आणि जे नाही ते सोडतो, हा कुठला हिशोब? मी पंडित नाही. यादीचा अर्थ कुणी वाढवून सांगत असेल, तर त्यांच्याकडून समजून घ्या. पण निदान विचारा तरी. "आमच्या सासूबाई करायच्या" हे शास्त्र नव्हे.

आता विज्ञानाकडे येते. 1965 साली डेन्मार्कमधल्या आरहूस गावातल्या दंत महाविद्यालयात हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यात बरेचसे विद्यार्थीच होते. काही झालं नाही असा एकही निघाला नाही. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, तेव्हा त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांचा दाह दातांवर साचलेल्या थरामुळे होतो आणि तो थर काढला की जातो, हे या प्रयोगानं सिद्ध झालं. आता दशलक्षण पर्व किती दिवसांचं असतं, ते तुम्हीच सांगा. त्या प्रयोगातल्या लोकांच्या हिरड्या तर आधी धडधाकट होत्या. आपल्या साठीच्या, आधीच रक्त येणाऱ्या हिरड्यांचं काय होत असेल?

"दात घासताना तोंडातले जीव मरतात, ती हिंसा नाही का?" हेही मला एकीनं विचारलं आहे. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे देते. आपल्या घरात पिठाची मर्यादा पाळतात. पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. मर्यादा उलटली की ते पीठ आपण खात नाही, कारण त्यात जीवोत्पत्ती होते. उष्टं, लाळ लागलेलं अन्न तसंच ठेवलं तर अंतर्मुहूर्तात, म्हणजे 48 मिनिटांच्या आत, त्यात सम्मूर्च्छन जीव निपजतात असं आपण मुलांना शिकवतो. म्हणून ताट धुऊन पितो. मग दाढेच्या फटीत अडकलेला भाकरीचा कण दहा दिवस ठेवणारी बाई जीवरक्षा करते आहे की जीवोत्पत्ती? डब्यातल्या पिठाला जी मर्यादा लावतो, ती तोंडातल्या घासाला का नाही? अहिंसेचाच विचार केला, तरी वेळच्या वेळी स्वच्छ केलेलं तोंड हेच कमी हिंसेचं आहे.

हे सगळं मी आज मोठ्या तोंडानं लिहिते आहे, पण मला ते फार उशिरा कळलं. कसं कळलं ते सांगते.

माझ्या सासूबाई शेवटचे अकरा महिने अंथरुणाला खिळून होत्या. मी त्यांची सेवा मनापासून केली, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. रोज अंग पुसणं, कूस बदलणं, गाळून उकळलेलं पाणी, सूर्यास्ताच्या आत पातळ खिमटी, कानाशी णमोकार मंत्र. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, सून असावी तर अशी. पण अकरा महिन्यांत मी त्यांचं तोंड आतून एकदाही स्वच्छ केलं नाही. खालची कवळी रात्रंदिवस तोंडातच असायची. वास यायचा, तर मी लवंग द्यायची. "आता या वयात दात घासून काय करायचंय त्यांना," असं मीच एकदा नणंदेला म्हटलेलं आठवतं. शेवटी छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या.

पुढे कितीतरी वर्षांनी जपानमधल्या एका अभ्यासाबद्दल वाचनात आलं. तिथल्या 11 वृद्धाश्रमांत म्हाताऱ्या माणसांचे दोन गट केले. एका गटाचं तोंड प्रत्येक जेवणानंतर सेवकांनी स्वच्छ केलं, दुसऱ्या गटाचं नेहमीसारखंच राहू दिलं. दोन वर्षांत दुसऱ्या गटातल्या 19 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, तर तोंड स्वच्छ ठेवलेल्यांत 11 टक्क्यांना. ज्यांना एकही दात नव्हता, त्यांनाही फायदा झाला. कारण सोपं आहे. पडून असलेल्या माणसाची लाळ झोपेत थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते. ती लाळ घाण असेल, तर घाण फुफ्फुसात जाते.

सासूबाई त्यामुळेच गेल्या असं मी म्हणत नाही. वय 84 होतं, आजार इतर होते. पण मी काय केलं नाही, ते मला माहीत आहे. ओल्या फडक्यानं हिरड्या, जीभ, गाल आतून पुसायला आणि कवळी काढून धुवायला दिवसाला पाच मिनिटं लागली असती. सोवळ्याओवळ्यात माझे रोजचे दोन तास जात होते. वैयावृत्त्य म्हणजे काय, हे मला आता त्या पाच मिनिटांत दिसतं. तुमच्या घरात कुणी अंथरुणावर असेल, तर हा मजकूर अर्धवट ठेवून आधी तेवढं करून या. कवळी रात्री काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवा.

दुसरी गोष्ट साखरेची. आपल्या समाजात दर दोन घरांआड कुणीतरी गोळ्या घेतंय, मीही घेते. मधुमेह आणि हिरड्या यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढली की हिरड्यांचा जंतुसंसर्ग बळावतो, आणि हिरड्या सतत सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात येणं अवघड होतं. त्याच हाराल्ड लोए यांनी 1993 साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, मूत्रपिंड, नसा वगैरेंच्या रांगेत नेऊन बसवलं. 2022 साली कॉक्रेन या संस्थेनं 35 अभ्यास आणि सव्वातीन हजारांच्या आसपास रुग्ण एकत्र करून तपासलं. हिरड्यांचे उपचार केलेल्या मधुमेहींचं एचबीए1सी तीन-चार महिन्यांत सरासरी 0.43 नं जास्त उतरलं. आकडा छोटा वाटेल. पण त्याच्याच आसपास उतार पडावा म्हणून डॉक्टर कधी कधी आणखी एक गोळी वाढवतात, हे ज्यांच्या घरात फाइल आहे त्यांना ठाऊक असेल. बटाटा आपण आधीच खात नाही, भात सोडला, आंबा सोडला, आणि किटण मात्र दातांवर तसंच जपून ठेवलं, अशी माझीही गत होती.

आता थोडं दुसऱ्या बाजूनंही बोलायला हवं. हल्ली फोनवर येतं, "दात घासा, हार्ट अ‍ॅटॅक टाळा." हे तितकं सरळ नाही. 1989 साली फिनलंडमधल्या संशोधकांना हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा वाईट आढळले. तेव्हापासून असे पुष्कळ अभ्यास झाले. पण 2012 साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं सगळं तपासून सांगितलं, की दोन्ही गोष्टी बरोबर आढळतात हे खरं, मात्र एकीमुळे दुसरी होते हे सिद्ध झालेलं नाही. तंबाखू आणि मधुमेह दोन्हीकडे हात मारतात. गरोदरपणाचंही तसंच. हिरड्या खराब असलेल्या बायकांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त दिसतात, पण 2006 साली अमेरिकेत 823 गर्भवतींवर झालेल्या अभ्यासात हिरड्यांच्या उपचारांनी अशी बाळंतपणं कमी झाली नाहीत. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की गरोदरपणात ते उपचार सुरक्षित आहेत आणि हिरड्या सुधारतात. तेव्हा "पोटुशी आहे, आत्ता दातांना हात नको" हे सुनांना सांगणं थांबवा. ज्यांच्या हृदयाची झडप कृत्रिम आहे त्यांना मात्र तोंडातले जंतू रक्तात जाऊन झडपेवर बसण्याचा खरा धोका असतो. त्यांनी दातांच्या डॉक्टरांना झडपेबद्दल सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसू नये.

वाढवून सांगितलेल्या विज्ञानाचं काय होतं, तेही एकदा घडून गेलं आहे. 1910 साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या माँट्रिअल इथं भाषण करून शरीरातल्या नाना आजारांचं मूळ तोंडातल्या सडलेपणात आहे असं ठासून सांगितलं. मग पुढची दोन-तीन दशकं संधिवातापासून वेडापर्यंत कशावरही उपाय म्हणून लोकांचे चांगले दात उपटले गेले. आजार बरे झाले नाहीत, दात गेले ते गेलेच. म्हणून मी तुम्हाला हृदयविकाराची भीती घालणार नाही. जेवढं पक्कं आहे तेवढंच पुरेसं आहे. दुखरं तोंड, गेलेले दात, न चावता गिळलेलं अन्न, न उतरणारी साखर, अंथरुणावरच्या माणसाचा न्यूमोनिया. अजून काय हवंय?

एक नाव घ्यायचं राहिलं, ते घेताना आवाज खाली येतो. मिश्री. कांदा-लसूण न शिवणाऱ्या आपल्या काही थोरल्या बायका सकाळी परसात बसून मिश्री लावतात, आणि तिला "दात घासणं" म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तो दात घासत नाही, तो हिरडीतून रक्तात जातो. म्हणून तर ती लावल्याशिवाय त्यांना शौचाला होत नाही आणि डोकं दुखतं. ते व्यसनच आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं 1992 सालीच बंदी केली. तोंडाच्या कर्करोगाचं मूळ कशात आहे, हे वेगळं सांगायला नको. नवऱ्यानं तोंडात तंबाखूचा बार भरला तर आपण अबोला धरतो, आणि आजेसासूच्या मिश्रीची डबी स्वतः भरून देतो.

मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण घराची वही चाळीस वर्षं मीच लिहिते. तीच वही काढून बसले. नातवाच्या दातांच्या तारेला 45,000 रुपये, न कुरकुरता. यांच्या रूट कॅनॉलला दोन वेळा मिळून 14,000. माझ्या नावावर पंधरा वर्षांत एक पैसा नाही, आणि मग एकदम 24,000, कारण दोन दात काढून ब्रिज बसवावा लागला. दात साफ करून घ्यायला तेव्हा 1,200 रुपये पडत होते. वर्षाला एकदा केली असती, तरी पंधरा वर्षांत 18,000, आणि दात माझे माझ्या तोंडात राहिले असते. ज्याची देखभाल केली नाही त्याचा घसारा दुप्पट, हे कॉलेजात शिकलेलं मी स्वतःलाच लावलं नव्हतं. "आधी सगळ्यांचं होऊ दे, मग माझं" यालाही आपण त्याग म्हणतो. पुन्हा तेच, हेळसांडीला व्रताचं नाव.

"सफाई केली की दात हलतात," असं कुणी सांगेल. दात आधीच हललेले असतात, किटणानं ते धरून ठेवलेले असतात. किटण काढलं की खरं काय ते दिसतं, एवढंच. "वरची दाढ काढली की डोळा जातो," असंही सांगतील. जात नाही. "वय झालं की दात पडायचेच," हेही खरं नाही. दात वयानं पडत नाहीत, हिरड्यांच्या आजारानं आणि किडीनं पडतात.

आपल्या धर्मानं तर आपल्याला मोठी सोय करून दिली आहे. रात्री झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रभर तोंडात अन्न राहणं सगळ्यात वाईट. आपण सूर्यास्तानंतर खातच नाही! फक्त एक चूक करतो, संध्याकाळचं जेवण उरकलं की ओटा आवरतो आणि तोंड तसंच ठेवतो. पाण्याचाही त्याग असेल तर रात्री ब्रश होतच नाही. मग जेवण झाल्यावर उजेड असतानाच फ्लोराइडच्या पेस्टनं दोन मिनिटं घासा, दातांच्या फटी साफ करा आणि मग त्याग घ्या. पेस्टमध्ये हाडाची पूड असेल अशी शंका असेल तर हिरवा ठिपका असलेली बघून घ्या, बाजारात मिळते. एकाशनाला जेवून उठताना घासा. निर्जळ उपवासाला आदल्या संध्याकाळी आणि पारण्यानंतर नीट घासा, मधल्या वेळेत कोरडा मऊ ब्रश किंवा स्वच्छ फडकं फिरवून थुंका. नियम घेतानाच महाराजांसमोर तेवढी सूट सांगून घ्या. आणि रक्त येत असेल तर ब्रश ठेवून देऊ नका. रक्त घासल्यामुळे येत नाही, न घासल्यामुळे येतं.

त्या काकूंना मी काल फोन केला. क्षमा मागितली, मग हे सगळं सांगितलं. जरा वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तेव्हाच का नाही सांगितलंत, चारचौघींसमोर? ती सून ऐकत होती." बरोबर होतं त्यांचं. म्हणून इथं, सगळ्यांसमोर लिहिलं. पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी मिळून दातांच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत, त्या सुनेलाही बरोबर घेऊन.

जय जिनेंद्र.